रिकाम्या पोत्याचं वजन

प्रमिला होले यंदा निवृत्त होत आहेत. अकोल्यातल्या ज्या संगणक संस्थेत त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी एक गौरविका काढायचं ठरवलं आहे. त्यासाठी त्यांच्यातल्या एका मुलीचा मला फोन आला. अदबीनं बोलत होती. म्हणाली, "सर, वरूडच्या कामात होले मॅडमची चूक तुम्ही शोधून काढली होती ना? तुमच्यामुळे त्या घडल्या असं सगळे म्हणतात. तेवढा प्रसंग लिहून द्या."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मालती, माझी पत्नी, विचारू लागली की कुणाचा होता, तर मला नीट सांगता येईना. चूक मी शोधली होती हे खरंच आहे. ती कुणाची होती, तेवढं सांगायचं राहिलं होतं. मी आता पंचाहत्तरीला आलो आहे. आणखी किती दिवस ते राहू द्यायचं?

अमरावतीला राजापेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. बाजार समित्या, पतसंस्था, शाळा अशा गिऱ्हाइकांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा मी प्रमुख. वडील अमरावतीचे वकील, माझं शिक्षण पुण्याचं, त्यामुळे माझी भाषा स्वच्छ आहे असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

होले मॅडम आल्या त्या गणिताच्या शिक्षिकेची नोकरी सोडून. माहेर अंजनगाव सुर्जीचं. वडील शेवंती आणि वांगी लावायचे, आणि या लहानपणी त्यांच्यासोबत बाजारात बसलेल्या. मुलाखतीत मालकांनी विचारलं, "शाळा का सोडली?" तर म्हणाल्या, "पोरायले तेच तेच गणित शिकवून मलेच कंटाळा येऊन राहिला होता. मशीन तरी नवीन चुका करते." मालक हसले. मी हसलो नाही. ही बाई गिऱ्हाइकासमोर कशी बोलेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

त्या सगळ्यांना भाऊ म्हणत. मालकांनाही. मी पाठकभाऊ. नव्या मुलांवर चिडल्या की "का बे, डोकं घरी ठेवून आला का?" आणि मग त्याच मुलाला स्वतःच्या डब्यातली भाकरी. संत्र्याच्या साली त्या खिडकीत वाळवायच्या आणि यूपीएसच्या मागे ठेवायच्या, झुरळं येत नाहीत म्हणून. झुरळं यायची ती यायचीच, पण खोलीला वर्षभर संत्र्याचा वास असे. आजही सोललेल्या सालीचा वास आला की मला यूपीएसची घरघर ऐकू येते.

कुठल्याही मोजणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. म्हणजे अविश्वासही नसे. त्यांना आधी त्या वस्तूची ओळख करून घ्यायची असे. आमच्या कचेरीत भिंतीवर एक घड्याळ होतं, ते मागे पडायचं. त्यांनी त्याखाली चिठ्ठी चिकटवली: 'हे घड्याळ मागे आहे.' मुंबईचे पाहुणे येणार म्हणून मालकांनी एकदा ती चिठ्ठी काढून टाकली, कारण ती बरी दिसत नव्हती. घड्याळ मात्र तसंच. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन स्वतः मालकच बडनेऱ्याला गाडी गाठायला निघाले, भिंतीकडे पाहून. परत आले तेव्हा पाहुणेही सोबत होते.  होले मॅडम उठल्या, नवी चिठ्ठी लिहिली, जास्तीची चिकटपट्टी लावून बसवली आणि पाहुण्यांसाठी चहा सांगितला.

भाजी घ्यायलासुद्धा त्यांची तीच रीत. आधी रिकामी पिशवी काट्यावर. याचं मूळ अंजनगावच्या बाजारात होतं. शेतकऱ्याचा माल पोत्यासकट तोलला जातो आणि मग पोत्याचं वजन वजा होतं. त्याला बारदाना कापणं म्हणतात. पोतं किती वजनाचं, हे सहसा घेणारा ठरवतो. मॅडमचे वडील रिकामं पोतं आधी स्वतः तोलून नेत आणि काट्यापाशी आकडा मोठ्यानं सांगत. व्यापारी वैतागत. "माह्या बापाले सगळे भांडखोर म्हणत," त्या सांगायच्या, "पण तो भांडत नोता. फक्त पोत्याचं वजन विचारत होता."

प्रोग्रॅमच्या बाबतीतही त्यांनी हीच सवय आणली. एखादा प्रोग्रॅम हळू चालत असेल तर त्याचा वेळ नेमका कुठे जातो, हे मोजणारी साधनं असतात. असं साधन हातात आलं की त्या आधी काहीच न करणारा रिकामा प्रोग्रॅम त्यावर चालवत. आम्हाला गंमत वाटायची. "मॅडम, रिकाम्यात काय मोजता?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "त्याचा बारदाना पाहून राहिली."

वरूडचं काम आलं ते आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या हंगामाच्या, तोंडावर. एका मोठ्या संत्रा पॅकिंग केंद्रासाठी आम्ही प्रोग्रॅम केला होता. ट्रॅक्टर येतो, क्रेट तोलले जातात, फळाची प्रत लागते, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी येते. वजन गोल करण्याचं आणि प्रत लावण्याचं गणित होले मॅडमनी लिहिलेलं. क्रेटची नोंद साठवण्याचा भाग माझा. हंगाम सुरू झाला आणि चिठ्ठी निघेना. निघायची, पण इतक्या उशिरा की ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर यायची. उन्हात संत्री, आणि शेतकरी शिव्या देतोय.

आम्ही दोघांनी आपापल्या साधनानं मोजलं. माझं साधन महागाचं, मालकांनी खास मागवलेलं. प्रोग्रॅममधला प्रत्येक तुकडा सुरू झाला की ते नोंद करी, संपला की पुन्हा नोंद करी. त्याचं म्हणणं, सगळा वेळ मॅडमच्या वजन गोल करणाऱ्या तुकड्यात जातो. मॅडमचं साधन फुकटचं. ते आत जाऊन काही नोंदवत नसे, मधूनमधून नुसतं डोकावून पाही की प्रोग्रॅम आत्ता कुठे उभा आहे. ते म्हणे, प्रोग्रॅम बहुतेक वेळा माझ्या नोंद साठवण्याच्या भागात उभा असतो, नुसता वाट पाहत.

प्रोग्रॅम एक, मशीन एक आणि उत्तरं दोन. आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांशी जेवणापुरतं बोललो.

मग ज्यांचं ते केंद्र होतं, त्या शेठनी आम्हाला वरूडला बोलावलं. पॅकिंग केंद्राच्या वरच्या खोलीत बैठक. मालक, मी, मॅडम. खाली फळांवर मेण चढवायचं यंत्र चालू, त्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत होते. शेठ म्हणाले, "पाठकसाहेब, चिठ्ठीची वाट पाहून पाहून माणूस चहा पिऊन येते, तरी निघत नाई. कोणाच्या हातचं काम हाये हे?"

मी माझ्या साधनाचा आलेख पडद्यावर लावला. एक लांब लाल पट्टी, त्यावर मॅडमच्या तुकड्याचं नाव. बाकीच्या पट्ट्या बोटभर. लाल पट्टी कुणालाही कळते.

मॅडम म्हणाल्या, "शेठ, ते तसं नाई. माहा तुकडा लहान हाये, पण लाखो वेळा चालते. पाठकभाऊचं साधन प्रत्येक वेळी आपली नोंद करते, त्या नोंदीलेबी वेळ लागते, अन् तो वेळबी माह्याच नावावर टाकते. अन् जिथं मशीन नुसती वाट पाहून राहिली, तो वेळ तर हे साधन धरतच नाई. मशीन काम करते तेवढंच मोजते." इथवर ठीक होतं. पण शेठच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही म्हणून त्यांनी सोपं करून सांगायचं ठरवलं. "आता पाहा, बाजारात बारदाना जास्त कापतात, शेतकऱ्याले लुटतात. इथं उलटं झालं. बारदाना कापलाच नाई, पोतंबी मालातच मोजलं."

शेठनी पानाचा डबा बंद केला. "म्हणजे आमी बारदाना जास्त कापतो म्हणता का मॅडम?"

"तुमाले नाई म्हणत शेठ, बाजाराचं सांगून राहिली."

"बाजारात आमीच तर हावो. दुसरं कोण हाये?"

"मंग तुमचाबी काटा एकदा पाहा लागन," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे, आणि थांबणंही.

मालकांनी घाईघाईनं चहा मागवला. पण शेठ आता चिठ्ठीबद्दल बोलतच नव्हते. आपल्या काट्यावर बोट ठेवणारी ही कोण बाई, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

खोलीतल्या बाकी तिघांपैकी मॅडमचा मुद्दा नेमका कळलेला माणूस एकच होता, तो मी. बाजाराचं उदाहरण बाजूला ठेवून तो दोन वाक्यांत स्वच्छ भाषेत मांडणं मला सहज जमलं असतं. स्वच्छ भाषेसाठीच तर मला तिथे नेलं होतं. पण तो मुद्दा खरा ठरला तर पट्टी माझ्या भागावर येणार होती. मी म्हणालो, "मॅडमच्या शंकेचं आपण नंतर पाहू." शेठ शांत झाले, मालकांनी माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं. परतीच्या जीपमध्ये मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मोर्शी गाव मागे पडल्यावर एकदाच म्हणाल्या, "तुमाले समजलं होतं, भाऊ." प्रश्न नव्हता तो. 

महिन्याच्या आत त्यांना अकोल्याच्या शाखेत पाठवलं. शाखा म्हणजे दोन खोल्या, गिऱ्हाइकांना प्रोग्रॅम वापरायला शिकवायचं काम. शेठची तशी अटच होती असं मालक म्हणाले.

त्या गेल्यावर मी त्यांचा तुकडा नव्यानं लिहिला. आलेखात लाल पट्टी थोडी आखूड झाली. चिठ्ठी तितकीच हळू. पुन्हा लिहिला, पट्टी आणखी थोडी आखूड, वरूडला रांग तेवढीच. मग एका सकाळी, कुणी आलेलं नसताना, मी त्यांच्या तुकड्याच्या जागी काहीच न करणारा रिकामा तुकडा बसवला आणि माझं साधन चालवलं. तरीही पट्टी जवळजवळ तेवढीच लांब आली. रिकाम्या तुकड्याची. ते नुसत्या पोत्याचं वजन होतं.

मग मी माझ्या भागाकडे पाहिलं. वीज जाते, नोंदी बुडू नयेत, म्हणून प्रत्येक क्रेटनंतर डिस्कवर लिहून होईपर्यंत प्रोग्रॅमनं थांबावं असं मीच ठरवलं होतं. हेतू चांगला होता. पण त्या थांबण्यात ट्रॅक्टरांची रांग लागत होती. मी क्रेटऐवजी पूर्ण ट्रॅक्टरची नोंद एकदम लिहायला लावली, विजेसाठी वेगळी सोय केली, आणि मॅडमचा तुकडा जसा होता तसा परत ठेवला. चिठ्ठी झटकन बाहेर आली.

मालकांनी पेढे आणले. "होलेबाईंचं गणित सुधारलंत एकदाचं," म्हणाले. मी म्हणालो, "झालं खरं." वाक्य म्हणून त्यात काही खोटं नव्हतं, आणि मी बरीच वर्षं त्याच वाक्याच्या आड उभा राहिलो. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ही गोष्ट सांगितली जाई, आणि दर वेळी ती थोडी माझ्या बाजूनं वाढत जाई. तीच फिरत फिरत अकोल्याच्या त्या मुलीपर्यंत पोचली.

मॅडमना मात्र मी त्याच दिवशी फोन केला होता. "चिठ्ठी निघाली," म्हणालो.

"बारदाना काढला का?"

"काढला."

"मंग झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटलं, मिटलं. पुढचं मी इतरांना सांगेन असं त्यांनी धरून चाललं असावं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

काही वर्षांनी त्या ती शाखा सोडून संस्थेत शिकवायला लागल्या. तरीही आमच्याकडे येत राहिल्या, याचं मला आजही नवल वाटतं. अंजनगावहून परतताना कधी अमरावतीवरून आल्या तर वांगी घेऊन डोकावत. अशाच एका खेपेला मालती आजारी होती. सारखी चक्कर येई. घरच्या यंत्रावर रक्तदाब जास्त दिसे, आणि डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी सांगितलेलं आठवून मी तिला गोळी वाढवून देत होतो. शेजाऱ्यांच्या यंत्रावर आकडा कमी यायचा, पण ते यंत्र साधं होतं. माझं भारी.

मॅडमनी पिशवी खाली ठेवली, हात पुढे केला. "आधी माहा पाहा."

"तुम्हाला काय झालंय?"

"मले काई नाई झालं. म्हणूनच म्हणून राहिली."

त्यांचाही आकडा मालतीएवढाच वर आला. त्या म्हणाल्या, "कालच संस्थेत डॉक्टर येऊन तपासून गेला, मले असं काई नोतं. पाठकभाऊ, महागाचं हाये म्हणून खरं हाये का? चाला, उठा." रिक्षा त्यांनीच बोलावली. डॉक्टरांनी पाहिलं तर मालतीचा रक्तदाब खाली गेलेला, आणि चक्कर माझ्या वाढीव गोळीची. आणखी असंच चाललं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मॅडम तेव्हा आत मालतीच्या वेणीत शेवंतीचं फूल खोचत होत्या. यंत्राबद्दल पुन्हा एक शब्द नाही. वरूडबद्दल तर कधीच नाही.

त्या गेल्यावर मालती म्हणाली, "एवढी बाई तुमच्या हाताखाली होती, आणि तुम्ही तिला अकोल्याला जाऊ दिलंत?" मी यंत्र कपाटात ठेवायला उठलो.

गौरविकेसाठी हा लेख लिहून झाल्यावर मी तो आधी त्यांना दाखवायला अकोल्याला गेलो. वर्ग चालू होता, मागच्या बाकावर बसलो. मुद्दाम माझ्यासाठी नव्हे, हा धडा त्या दर वर्षी घेतात असं नंतर कळलं. फळ्यावर दोन साधनांचे दोन आलेख काढलेले, एकाच प्रोग्रॅमचे. एक मुलगा विचारत होता, "मॅडम, मग खरं कोणतं?"

"दोनी खरे. एकानं काम मोजलं, एकानं वाट पाहणं मोजलं. अन् एकाचं पोतं लय जड हाये. साधन खोटं बोलत नसते बाबू. त्याले आपण काय इचारलं हेच आपल्याले माईत नसते."

"तुमच्यासोबत झालं होतं का असं?"

त्यांची नजर मागे माझ्यापर्यंत आली. "झालं होतं एकदा. एका हुशार माणसानं शोधलं मंग," म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.

वर्ग संपल्यावर त्यांच्या खोलीत मी कागद पुढे केले. ओळीवर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. मी खिडकीतल्या संत्र्याच्या साली पाहत बसलो. शेवटचं पान उलटून म्हणाल्या, "त्या दिवशी बोलाले पायजे होतं तुमी. माई आई अंजनगावले एकटी होती. अमरावतीहून आठवड्यात दोनदा जाणं व्हाये. अकोल्याहून रविवारीच."

"हो."

"बाकी अकोल्यानं मले वाईट दिलं नाई. हे पोरं दिले. राजापेठेत राहिली असती तर वजनच गोल करत बसली असती." मग त्यांनी मधली पानं वेगळी काढली. "अन् हे काय लिहिलं? मी भित्रा, मी अपराधी. पानंच्या पानं हेच. हा लेख कोणावर हाये?"

"तुमच्यावर."

"मंग हे काढा. माल कमी अन् पोतं जास्त झालं."

ती पानं मी काढली. उरलं ते वर आहे, या भेटीचं तेवढं नंतर जोडलं. त्यात त्यांच्या परवानगीनं एवढंच ठळक करतो: वरूडच्या प्रोग्रॅममध्ये प्रमिला होले यांची चूक नव्हती. चूक माझ्या भागात होती. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, आणि परत ठेवलेला त्यांचा तुकडा मी कंपनी सोडेपर्यंत एका अक्षराचाही बदल न होता चालू होता. मला जे काही नीट मोजता येतं, ते मी त्यांच्याकडून शिकलो. मालती आज माझ्यासमोर बसून शेंगा सोलते आहे, तीही त्यांच्यामुळे.

त्या दिवशी स्टेशनला जायला मी संस्थेच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट पाहत होतो. पलीकडे भाजीची गाडी लागली होती, आणि मॅडम तिथे पोचल्या होत्या. हल्ली काटेही आकड्यांचे आले आहेत. त्यांनी घडीची रिकामी पिशवी काट्यावर ठेवली. भाजीवाला म्हणाला, "मॅडम, रोज तेच का? माईत हाये ना मले."

"तुले माईत हाये. काट्याले माईत हाये का?"

त्यानं हसत बटण दाबलं. मॅडम चष्मा वर करून वाकल्या आणि आकडा शून्यावर येईपर्यंत पाहत राहिल्या.

"हं," म्हणाल्या. "आता टाक वांगे."